देवाला मी दिसते, मग मला ते जाणवत का नाही?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचं माहेर नवापूर तालुक्यातलं, सासर जळगावचं. नवरा सुरतेला कामाला, महिन्यातून एखाद्या वेळी दोन दिवस घरी येतो. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि पोरं, आणि घरकामाचा बहुतेक भार तुमच्यावर. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही मुलांची रविवारची शाळा घेता. मध्यंतरी आजारपणामुळे दोन रविवार जाता आलं नाही, तर कोणी साधा फोनही केला नाही. तुम्ही लिहिलंय, "येशू तुमच्यावर प्रीती करतो असं पोरांना शिकवते आणि घरी येऊन रडते. बायबल वाचते, पण काही वाटत नाही. माझा विश्वास कच्चा आहे का? हे नवऱ्याला सांगू का, की त्याच्यावर उगाच ओझं होईल?"

विश्वास कच्चा आहे असं मला मुळीच वाटत नाही. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी दुखणी एकमेकांत गुंतली आहेत, ती आधी सोडवून घ्यायला हवीत. एक, माणसं विचारपूस करत नाहीत. दोन, त्यामुळे देवही विचारत नसावा असं वाटू लागलंय. पहिलं दुखणं खरं आहे, घडलेलं आहे. दुसरं पहिल्यातून निघालेला अंदाज आहे. बहुतेक जण दुसऱ्यावरच औषध करत बसतात. जास्त वाचन, जास्त उपास, जास्त प्रार्थना, आणि तरी काही वाटलं नाही की दोष स्वतःच्या माथी. पहिलं दुखणं तसंच राहतं, कारण त्याला कोणी हातच लावलेला नसतो. माझ्या कामात मी दोन्हींवर एकदमच काम सुरू करायला सांगते, आणि बायबलही ही दोन दुखणी एकमेकांपासून तोडत नाही.

तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून तीन गोष्टी आधी तपासा.

रडू येणं, झोप मोडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं हे रोज, दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगात रक्त कमी असणं, थायरॉइडची तक्रार, बी12 ची कमतरता यांतूनही असंच गळून गेल्यासारखं होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी12 या तिन्ही तपासण्या साध्या रक्ताच्या नमुन्यावर होतात. नंदुरबार भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं प्रमाण जास्त आहे, आणि सततचा थकवा व अंगदुखी त्यातूनही येते. पूर्वी ती तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. माहेरी जाणं होईल तेव्हा चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात दाखवता येईल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर उद्याची वाट पाहू नका. 14416 हा सरकारचा टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, क्रमांक आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं, असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका.

दुसरं, घरात मारहाण किंवा कोंडून ठेवणं असलं काही असेल तर पुढचं सगळं नंतर. आधी 181 या महिला हेल्पलाइनला फोन, आणि विश्वासातल्या माणसाकडे सुरक्षित जागा. क्षमा करणं आणि मार खात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरं, जवळचं कोणी नुकतंच वारलं असेल किंवा बाळंतपणाला अजून वर्ष झालं नसेल, तर तसं कळवा, कारण मग सल्ला थोडा बदलतो.

यातलं काही नसेल असं धरून पुढे लिहिते.

"काही वाटत नाही" हे तुम्ही नापास झाल्याच्या निकालासारखं लिहिलंय. वाटणं ही मोजपट्टी धरली तर बायबलमधले अर्धे भक्त नापास होतील. एलीया संदेष्टा घ्या, 1 राजे 19. झुडपाखाली बसून तो देवाला सांगतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येऊन त्याला हात लावतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. तो खातो, झोपतो. दुसऱ्यांदा तसंच. मग चाळीस दिवसांची वाट चालून तो डोंगरावर पोहोचतो, तिथेही तो "मी एकटाच उरलोय" हेच गाऱ्हाणं शब्द न बदलता दोनदा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. नंतर त्याला काम देतो, सोबतीला अलीशा देतो आणि सांगतो की सात हजार माणसं अजून उरली आहेत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. अन्न, झोप, ऐकून घेणं, मग काम आणि माणूस. आपल्याकडे खचलेल्या बाईला पहिला सल्ला उपासाचा आणि रात्रभराच्या प्रार्थनेचा दिला जातो, तो नेमका उलटा आहे. निदान पुढचे दोन महिने उपास बंद ठेवा. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय असेल तर तीही बंद. तव्यावरची एक गरम भाकरी आपल्यासाठी आधी बाजूला काढायची. हा प्रार्थनेचाच भाग आहे असं मी अगदी मनापासून सांगते.

आता रोजचं. वीस मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. केळीला जसं ठिबकनं थोडं थोडं पाणी द्यायचं, पाट फोडून एकदाच नाही, तसं. पहाटे घर उठण्याआधी किंवा दुपारी भांडी आटोपल्यावर, जी वेळ खरोखर तुमची आहे ती धरा. रात्री अंथरुणात नको, त्या वेळी थकवा बोलतो. एक साधी वही घ्या, कोणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

सुरुवात स्तोत्र 13 पासून करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे, त्यात "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आहे. हीच तीन घरं वहीत आखा. पहिल्या घरात आजची तक्रार, नेमकी. "मला कोणी समजून घेत नाही" असं मोघम नको. "मी तापाने पडले होते तेव्हा मंडळीतल्या एकीनेही फोन केला नाही, आणि देवा, तू कोणाला पाठवलं नाहीस" असं लिहा. दुसरं वाक्य लिहिताना हात थांबेल. तिथेच लिहायचं आहे. दुसऱ्या घरात एक मागणं, आजच्या दिवसात ओळखता येईल असं. तिसऱ्या घरात भरवशाचं एक वाक्य, पण आज जेवढं खरं वाटतं तेवढंच. "मला काही जाणवत नाही, तरी मी तुझ्याशीच बोलतेय" एवढंही पुरे. मग तिन्ही घरं हळू आवाजात वाचून दाखवा. वाचून दाखवणं सोडू नका, मनातल्या मनात तक्रार फिरतच राहते.

आणि हे ज्या भाषेत आईशी बोलता त्या भाषेत करा. उपासनेची मराठी पुस्तकी असते, तिच्यात माणूस सभ्य होतो आणि खरं लपवतो. तुम्ही मावचीत, तुमच्या माहेरच्या आदिवासी बोलीत, बोला. अहिराणी घरातली बाई "देवा, माले कोनी इचारत नही" असं म्हणाली की पुढचे शब्द आपोआप येतात.

यात काय बिघडतं तेही सांगते. सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईनं. तक्रारीचं एक वाक्य लिहून लगेच "तरी प्रभू चांगला आहे" अशी उडी मारली जाते. त्यामुळे तक्रार आत कोंडते आणि भरवसा तोंडदेखला होतो. पहिल्या घरावर निम्मा वेळ, म्हणजे दहा मिनिटं, द्यायचीच. दुसरी चूक, तक्रारीच्या जागी स्वतःच्या पापांची यादी लिहिणं. पापकबुलीला तिची जागा आहे, पण कोणी फोन केला नाही हे तुमचं पाप नव्हे. तिसरी, बायबल कुठेही उघडून किंवा वचनांच्या डबीतून चिठ्ठी काढून आजचा संदेश शोधणं. मनासारखं वचन निघालं तर दिवस बरा, नाही निघालं तर देव नाराज, असा खेळ सुरू होतो. ठरवलेला भागच वाचा. एखाद्या दिवशी तिसरं घर रिकामं राहिलं तर राहू द्या. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, मित्र दूर गेले या वाक्यावर, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी त्याला शेवटी गोड ओळ जोडली नाही.

वाचायला भाग कोणते? पहिला आठवडा फक्त स्तोत्र 13, रोज तेच. दुसऱ्या आठवड्यात हागार, अब्रामाची बायको साराय हिची दासी, उत्पत्ती 16. अब्राम आणि साराय तिच्याबद्दल बोलताना "दासी" म्हणतात, एकदाही नाव घेत नाहीत. नाव घेऊन पहिली हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, आणि विचारतो, कोठून आलीस, कोठे चाललीस. म्हणूनच ती त्याला "मला पाहणारा देव" म्हणते. याच अध्यायात दूत तिला मालकिणीकडे परत जा असंही सांगतो, आणि ते वचन पुढे करून जाच होणाऱ्या बायकांना सासरी परत धाडलं जातं. तसं करणाऱ्याला उत्पत्ती 21 दाखवा. तिथे तोच देव हागारेला त्या घरातून बाहेर पडू देतो आणि रानात तिला विहीर दाखवतो. एका बाईला एका वेळी सांगितलेली गोष्ट सगळ्यांसाठी कायदा होत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात लेआ, उत्पत्ती 29 आणि 30. ती याकोबाची बायको, आणि तिची बहीण राहेल तिचीच सवत. तुमच्यासाठी मला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा थांबते. लेआ नावडती होती आणि हे परमेश्वराने पाहिलं, असं तिथे सरळ लिहिलंय. म्हणजे "तुला उगाच तसं वाटतं" असं देव तिला म्हणत नाही. तिचं दुखणं खरं आहे यावर तो शिक्का मारतो. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या वेळी ती आशा धरते की आता तरी नवरा माझ्याकडे वळेल, आणि दुसऱ्याच्या वेळीही आपण नावडती असल्याचंच बोलते. चौथ्याच्या, यहूदाच्या वेळी मात्र नवऱ्याचा उल्लेखच नाही, आता मी परमेश्वराची स्तुती करीन एवढंच. उपदेशात गोष्ट बहुतेक इथेच थांबवतात. लेआ सावरली, तुम्हीही सावरा. पण पान उलटा. तिसाव्या अध्यायात तीच लेआ बहिणीशी पुन्हा भांडते, नवऱ्याच्या एका रात्रीसाठी मुलाने आणलेली दुदाईची (मूल होण्यासाठी उपयोगी मानलेली) फळं देऊन सौदा करते, आणि सहाव्या मुलाच्या वेळी पुन्हा म्हणते, आता तरी नवरा माझा मान ठेवील. दुखणं परत आलं. स्तुती खोटी होती म्हणून ते आलेलं नाही. तहान एकदा भागली म्हणून पुन्हा लागत नाही असं नसतं. आणि दुखणं परत आल्यावरही देवाने तिचं ऐकलं असंच तिथे लिहिलंय. तेव्हा एखाद्या रविवारी मन भरून आलं आणि मंगळवारी पुन्हा रिकामं झालं, तर रविवारचं खोटं ठरवू नका. पुढे याकोब मरताना, जिथे लेआला पुरलं त्याच गुहेत मला पुरा असं सांगतो, आणि येशूची वंशावळ तिच्या यहूदाकडून येते. यातलं काही तिला त्या घरात भाकरी करताना ठाऊक नव्हतं.

आतापर्यंतचं देवाशी बोलणं झालं. पहिलं दुखणं, म्हणजे माणसांचं, तसंच बाकी आहे, आणि फक्त प्रार्थनेवर ते सोडू नये.

योहान 5 मध्ये तळ्याकाठी पडलेला माणूस आहे, अडतीस वर्षं आजारी. बरं व्हायचंय का असं येशूने विचारल्यावर तो सरळ हो म्हणत नाही. तो म्हणतो, मला तळ्यात उतरवायला कोणी माणूस नाही. येशू त्याला "मी आहे ना, माणसं कशाला हवीत" असं सुनावत नाही. पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र पाहा, चौथा अध्याय. सगळ्यांनी मला सोडलं पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असं म्हणणारा पौल त्याच पानावर लिहितो की लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आण, हिवाळ्याआधी ये. प्रभू जवळ असतानाही त्याला माणूस हवा होता आणि अंगावर घ्यायला झगा हवा होता. तुम्हालाही तसं हवंसं वाटणं यात कमीपणा काही नाही.

म्हणून एक माणूस निवडा. एकच. वयाने मोठी बाई असावी, सासरच्या नात्यातली नसावी, आणि इतरांच्या गोष्टी तुमच्याजवळ बोलत नसावी. हे शेवटचं नीट पाहा. आपल्या छोट्या मंडळ्यांत प्रार्थनाविनंती बुधवारच्या घरसभेत गेली की शुक्रवारपर्यंत गावभर होते. जी बाई तुम्हाला दुसऱ्यांच्या विनंत्या सांगते ती तुमचीही सांगेल. पाळकांशी (पास्टरांशी) बोलायचं असेल तर त्यांची बायको, पाळकीणबाई, सोबत असताना आणि मोकळ्या जागी बोला.

त्या बाईला "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणू नका. त्यावर "हो, करते" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. वेळ आणि अपेक्षा दोन्ही सांगा: "मावशी, गुरुवारी चार वाजता अर्धा तास येऊ का? मला बरं वाटत नाहीये. उपाय नको, फक्त ऐकून घ्या आणि शेवटी माझं नाव घेऊन प्रार्थना करा." पहिल्या भेटीत सगळं उघडू नका, एक गोष्ट सांगा आणि ती बाहेर फुटते का ते दोन आठवडे पाहा. सल्ल्यांचा मारा झाला तर दुसरी बाई शोधा. पहिली निवड चुकणं नेहमीचं आहे, ते देवाचं उत्तर समजू नका.

मंडळीबद्दलही थोडं. दोन रविवार कोणी विचारलं नाही यात बहुतेक वेळा दुष्टावा नसतो. जी बाई सगळं निभावते तिला आधार लागत असेल हे कोणाच्या मनात येत नाही, कारण तिने कधी तसं दाखवलेलं नसतं. तरी ते चुकलंच, आणि तसं बोलून दाखवायला हरकत नाही. चर्चचं काम पाहणाऱ्या वडीलमंडळींना सांगा की गैरहजर माणसाला दुसऱ्याच दिवशी फोन करायची जबाबदारी कोणा एकावर द्या. रविवारची शाळा तुम्हाला आवडत असेल तर ठेवा. आवडत नसेल तर दोन महिने दुसऱ्या कोणाकडे द्या आणि त्या वेळात उपासनेत नुसत्या बसा. जे तुम्ही पोरांना शिकवता ते स्वतःला ऐकू येण्यासाठी कधीतरी शिकवणाऱ्याच्या जागेवरून उठावं लागतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी, बऱ्याच मंडळ्यांत तो महिन्याचा पहिला असतो, मांडणी किंवा आवराआवरीचं काम घेऊ नका. त्या दिवशी भाकर तुमच्या हातात कोणीतरी दुसऱ्याने द्यायची आहे.

किती दिवसांत फरक पडेल, हे माणसागणिक बदलतं. मी साधारण सहा आठवडे धरायला सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत रडणं वाढू शकतं, कोंडलेलं बाहेर येत असतं. सहा आठवडे नेमाने करूनही झोप आणि भूक सुधारली नाही तर वर सांगितलेल्या डॉक्टरांकडे जाच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, नवऱ्याला सांगावं का. सांगा. तो परक्या शहरात राबतोय, तुमच्यासारखाच त्यालाही कोणी विचारत नसेल, हे शक्य आहे. पण सांगायची पद्धत जपा. तो सुट्टीवर आल्याच्या पहिल्या रात्री नको, आणि निघायच्या दिवशी स्टेशनवर तर अजिबात नको. दुसऱ्या रात्री, पोरं झोपल्यावर. "तुम्ही कधी विचारतच नाही" असं सुरू केलं तर तो बचाव करायला लागेल. "मला इथे फार एकटं पडल्यासारखं होतं, डॉक्टरांकडेही जायचा विचार आहे" असं सुरू करा आणि मागणं एकच ठेवा. रोज रात्री साडेनऊला दहा मिनिटं फोन, त्यात पैसे आणि घरच्या कामांचा विषय नाही. शेवटी त्याने तुमच्यासाठी आणि तुम्ही त्याच्यासाठी एकेक वाक्याची प्रार्थना करायची. त्याला मोठ्याने प्रार्थना करायची सवय नसेल तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना दोघांनी मिळून म्हणा. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल, फोन मध्येच कटेल, एखाद्या दिवशी तो विसरेल. विसरला तर तुम्हीच लावा.